जर्मलची मूठ

लिहायला सुरुवात करण्याआधी वाचकांची क्षमा मागणे मला आवश्यक वाटते. माझ्या हातून आजवर जे लेखन झाले ते प्रश्नपत्रिका, प्रगतिपुस्तकांवरील शेरे आणि शाळेच्या वार्षिक अहवालातला एखादा परिच्छेद यापलीकडे गेलेले नाही. तो परिच्छेदही मुख्याध्यापक दुरुस्त करीत. भूगोल शिकवण्यात माझे आयुष्य गेले. नद्या, खनिजे, वारे यांविषयी बोलताना जीभ अडखळली नाही, पण एखाद्या माणसाविषयी चार वाक्ये सरळ लिहायची वेळ आली की शब्द परके होतात. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते माझे नातलग नव्हते, गुरूही नव्हते. कुंपणाच्या भिंतीपलीकडचे शेजारी होते. त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात काही महिने गेले आणि ते न सापडताच मी ही पाने पुढे ओढली आहेत.

बापू जगताप मागच्या हिवाळ्यात गेले. मला ते सांगलीत, भावाच्या घरी, फोनवर कळले. त्या दिवसापासून दुपारी जरा डोळा लागला की मला त्यांच्या परसातली हवा दिसते. हवा दिसते असे मी जाणूनबुजून लिहिले आहे, कारण भट्टीवरची हवा खरोखरच दिसत असे. ती पाण्यासारखी हलायची आणि तिच्यापलीकडचा उसाचा फड, विजेचा खांब, दोरीवरची धोतरे, सारे काही नदीच्या तळाशी असल्यासारखे डुलायचे.

उंब्रजच्या शाळेत असताना मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि निवृत्तीनंतरही काही वर्षे तिथेच राहिले. बापूंच्या आणि माझ्या परसांमधली भिंत छातीइतकी उंच होती. बापू लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले होते. गावातले लोक आदराने त्यांना 'सुभेदार' म्हणत. असे कोणी म्हटले की बापू चालता चालता थांबायचे.

"हवालदार," ते शांतपणे सांगायचे. "सुभेदार झालो न्हाई. जे झालो न्हाई ते कशाला चिकटवता?"

"आवं बापू, मानानं म्हंतोय."

"मान हवालदारालाबी असतोय की गड्या."

घरच्या परसात ॲल्युमिनियम ओतणे हा त्यांचा छंद होता. मात्र हा शब्द मी माझ्या शिक्षणाच्या जोरावर लिहीत आहे. आमच्या भागात या धातूला 'जर्मल' म्हणतात. जर्मलचे पातेले, जर्मलची किटली, जर्मलचा डबा. बॉक्साइटच्या खाणींचा धडा शिकवताना हा शब्द मी वर्गात एकदाही उच्चारला नव्हता. उच्चारला असता तर बहुधा अर्ध्या वर्गाला तो धडा अधिक लवकर कळला असता. एकदा बापूंनी भिंतीवर कोपरे टेकून विचारले, "बाई, तुमच्या पुस्तकात जर्मल कुटं कुटं सापडतं म्हनून लिवलंय?"

मी संकोचाने म्हणाले, "जर्मल असा धातू नाही, बापू. त्याचे नाव ॲल्युमिनियम."

त्यांनी वळून भट्टीकडे पाहिले. मग म्हणाले, "मंजी इतकी वर्सं मी त्येला दुसऱ्याच्याच नावानं हाक मारतोय. तरी येतंय की बिचारं."

ती भट्टी म्हणजे एक जुनी लोखंडी बादली होती. तिला आतून माती आणि भाताच्या तुसाचा जाड लेप होता आणि खालच्या बाजूला भोक पाडून एक नळी बसवलेली होती. नळीच्या टोकाला लोहाराकडचा, हाताने फिरवायचा पंखा. कोळसा पेटला की बापू डाव्या हाताने पंखा फिरवायचे. तो आवाज आमच्या घरात मांजराच्या घुरघुरण्यासारखा ऐकू यायचा. ज्या भांड्यात धातू वितळे त्याला ते मूस म्हणत. कमरेला खाकी अर्धी चड्डी, अंगात बंडी आणि पायांत मात्र लष्करातले जाड बूट, हा त्यांचा ओतण्याच्या दिवशीचा वेष होता. बुटांविना ते भट्टीच्या चार पावलांतही जात नसत. महिन्यातून एकदा एसटीने ते सांगलीला जाऊन भंगारवाल्यांकडून मोटारसायकलींचे जुने पिस्टन निवडून आणत. पिस्टन पिस्टनवर वाजवून, कानाशी धरून, ते भाजीवालीने वांगे पारखावे तसे पारखत.

"लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, 'लांब हो रं बाबा'," ते म्हणायचे. "हे जर्मल सांगत न्हाई. गप बसतं. दिसायला दुधागत शांत, आनी हात लावला की हाड दिसंल. गप बसनाऱ्याला लय जपावं लागतंय, बाई." हे ते माझ्याकडे न पाहता म्हणाले होते, तरी मी त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ त्याचा विचार करत बसले.

वितळलेल्या धातूवर करडी साय यायची. ती ते पळीने बाजूला काढायचे आणि तिला 'मळी' म्हणायचे. गुऱ्हाळात रस उकळताना वर येणाऱ्या फेसाला म्हणतात तोच शब्द. साय बाजूला झाली की खालचा धातू उघडा पडे. तो रुपेरी पृष्ठभाग मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यात स्वच्छ गोष्टींपैकी एक होता. त्यात आकाश दिसे, क्षणभरच, आणि मग त्यावर पुन्हा झोप आल्यासारखी धूसर साय धरे.

साच्याची वाळू नदीची. ती चाळून, चिकणमातीची पूड मिसळून, पाणी शिंपडून मळायची. पण पाणी किती, हे बापूंना कधीच ठरवता आले नाही. त्यासाठी ते घराकडे तोंड करून हाक मारत, "अगं, जरा हात बघ गं!" मग त्यांच्या पत्नी, ज्यांना सारा गाव आक्का म्हणे, पदराला हात पुसत बाहेर येत. ठेंगण्या, सावळ्या, भुवया सतत थोड्या उंचावलेल्या. त्या मूठभर वाळू घेत, उजव्या हाताने घट्ट आवळत आणि मूठ उघडत. तळहातावर वाळूचा लाडू असे आणि त्यावर चारी बोटांच्या खुणा. मग त्या लाडू मधोमध मोडत. कड न ढासळता दोनच तुकडे झाले तर वाळू जमली.

"पानी लागंल आजून. लाडू फुटाय लागलाय."

"लाडू न्हवं गं, साचा हाय त्यो."

"खायाचा न्हाई म्हून बरं. तुमच्या हातचं कोन खातंय?"

बापू ओतत ते सारे निरुपयोगी असे. पिंपळपान, कासव, दाराला लावायचा पण दारच नसलेला कडीकोयंडा. एकदा मला भेट म्हणून त्यांनी महाराष्ट्राचा नकाशा ओतला. धातू अर्ध्या वाटेत थिजल्यामुळे पश्चिमेची कड गायब होती. "कोकन आलं न्हाई, बाई," ते अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "पुढच्या खेपेला आनतो." तो कोकण नसलेला नकाशा माझ्या टेबलावर आजही आहे.

ही विद्या ते मोबाइलवरून शिकले होते. कोणी दाढीवाला परदेशी गृहस्थ आपल्या गॅरेजमध्ये ॲल्युमिनियम ओतायचा आणि बापू ते आवाज बंद करून पाहायचे. "इंग्रजी कशाला पायजे? त्येचं हात बोलत्यात." एकदा सलग तीन रविवार त्यांचे ओतकाम भोकाभोकांचे निघाले. ते दर वेळी मूस छातीइतकी उंच धरून बारीक धार सोडत होते. त्या गृहस्थाने तसेच केले होते, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांनी मोबाइल भिंतीवरून माझ्याकडे दिला. मी आवाज सुरू करून ऐकले. ऐकून झाल्यावर ते सांगावे की नाही, या विचारात पडले.

"बापू, तो म्हणतो आहे की नवशिके लोक अशी उंचावरून धार धरतात आणि पस्तावतात. तेवढ्यासाठी त्याने मुद्दाम चुकीचे करून दाखवले आहे."

आतून आक्कांचा आवाज आला, "काय म्हंतोय त्यो गोरा?"

"म्हंतोय, बापू जगतापासारकं करू नगा," बापूंनीच ओरडून सांगितले.

"बरा वळखतोय की तुमास्नी!"

बापू भिंतीला धरून इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले.

मग संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, भाकरी थापता थापता, आक्का एका बाजूला कलंडल्या. अर्धांगाचा झटका होता. कराडला दवाखान्यात बरेच दिवस काढून त्या परत आल्या तेव्हा उजवा पाय ओढत होत्या, वाचा एकेका शब्दावर येऊन थांबली होती आणि उजव्या हाताची बोटे अर्धवट मिटून तशीच राहिली होती. हात खांद्यातून, कोपरातून थोडा हलत होता, पण बोटे कशावर मिटत नव्हती आणि पुरती उघडतही नव्हती. पाटणला असलेल्या मुलाची बायको शोभा मदतीला आली. तिने मऊ भात कालवून घास पुढे केला. आक्कांनी तोंड भिंतीकडे वळवले.

त्यांना गिळता येत होते. डाव्या हाताने त्या पेल्यातले दूध पीत. पेल्याला डावा हात त्यांना चालत होता. घासाला चालत नव्हता. डाव्या हाताने जेवणे ही त्यांच्या दृष्टीने इतकी अशक्य गोष्ट होती की तसे सुचवणाऱ्या शोभाकडे त्यांनी एकदा अशा नजरेने पाहिले की ती पोर रडत बाहेर आली. आणि दुसऱ्याच्या हातून त्या घास घेणार नव्हत्या. मळणीच्या दिवसांत वीस-वीस माणसांना जेवू घालून शेवटी स्वतः चुलीपुढे पाटावर बसणारी ती बाई होती.

"लग्नात एक घास घेतला माझ्या हातचा," बापू मला म्हणाले, "त्योबी डोळं मिटून. तवापासनं कुनाच्याच हातचा न्हाई."

आक्का दिवसेंदिवस वाळत चालल्या. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले की पंधरा दिवसांत पोटात अन्न जायला लागले नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. 'नळी' हा शब्द ऐकून आक्कांनी डोळे मिटून घेतले. मुलगा त्यांना पाटणला न्यायला निघाला होता. बापू त्याला एवढेच म्हणाले, "पंधरा दिस हायती न्हवं? दे मला."

हाताच्या व्यायामासाठी येणाऱ्या मुलीने आक्कांच्या मिटलेल्या बोटांत टॉवेलाची गुंडाळी ठेवली होती, बोटे आणखी आखडू नयेत म्हणून. ती गुंडाळी पडत नसे. बापू तिच्याकडे दोन दिवस पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेणाचा गोळा गरम पाण्यात मऊ केला, आक्कांच्या त्या अर्ध्या मिटलेल्या हातात ठेवला आणि आपला हात त्यावर ठेवून बसून राहिले. मी खिडकीतून पाहिले तेव्हा दोघांचे हात एकमेकांवर तसेच होते. मेण थंड होईपर्यंत दुपार त्या खोलीत तशीच उभी होती.

मेणावर चार बोटांच्या खुणा उमटल्या. त्यांवरून बापूंनी लाकडाचा नमुना कोरला: जाड, मध्ये फुगीर, एका अंगाला बोटांची चार खळगी. मला तेव्हा प्रथमच जाणवले की आपल्या भाषेत बंद हातालाही मूठ म्हणतात, हातात मावलेल्या वाळूलाही आणि हातात धरायच्या दांड्यालाही. या मुठीत चमचा बसवायचा होता. हात मुठीवर मिटणार नव्हता, म्हणून मूठच हातातली पोकळी भरून काढणार होती.

पलीकडच्या आळीतला महादू, बापूंचा लष्करापासूनचा सोबती, ओट्यावर बसून हे सगळे पाहत होता.

"बापू, लाकडाचीच लाव की मग. झाली की तयार."

"लाकूड आमटी पितंय. आनी खरं सांगू का महादू? मला हेच येतंय."

"मग पितळंची तर कर. रुबाबदार दिसंल. जर्मलचं भांडं तर भिकाऱ्याच्या हातात असतंय रं."

"म्हूनच," बापू म्हणाले. "त्येच्याबी हाताला ते जड झालं न्हाई."

महादूने बिडी पेटवली.

पहिली मूठ सुबक उतरली. बापूंनी कानस मारून ती गुळगुळीत केली, तीत चमचा बसवला. आक्कांचे मनगट वळत नव्हते, म्हणून चमच्याचीच मान तोंडाकडे वळवली. मूठ आक्कांच्या हातात अशी बसली की जणू तिथून निघालीच नव्हती. आक्कांनी हात उचलला. ताटापासून वीतभर तो वर आला, थरथरला आणि आमटीत कोसळला. आमटी त्यांच्या पातळावर, भिंतीवर उडाली. आक्का भिंतीकडे पाहत राहिल्या. बापूंनी खांद्यावरच्या टॉवेलाने एकेक शिंतोडा पुसला आणि म्हणाले, "मूठ बरोबर हाय. वजन चुकलं."

मूठ आतून पोकळ करायची तर साच्याच्या मध्यावर वाळूचा एक गाभा लटकता ठेवावा लागतो. धातू त्याच्याभोवती भरतो आणि नंतर गाभा फोडून काढायचा. पण मोकळी वाळू लटकत नाही, ती कशाने तरी बांधावी लागते. परदेशी गृहस्थ त्यासाठी कसलासा राळेसारखा पदार्थ वापरत होता. बापूंनी उंब्रजच्या माणसाला सुचेल ते केले. गुऱ्हाळे चालू होती. ते तांब्याभर काकवी घेऊन आले, तीत वाळू मळली, तारेभोवती बोटभर गाभा वळला आणि उन्हात कट्ट्यावर वाळत ठेवला.

दुपारी मी भिंतीवरून पाहिले तेव्हा तो गाभा हलत असल्याचा मला भास झाला. ऊन तिरपे होते, उसाचे तुरे पांढरे झाले होते, आणि त्या झोपाळलेल्या प्रकाशात ती तपकिरी वस्तू श्वास घेतल्यासारखी थरथरत होती. जवळ जाऊन पाहिले तर मुंग्या. हजारो मुंग्या. कट्ट्यावरून, भिंतीच्या पायथ्याशी, तुळशीला वळसा घालून त्यांची रांग गेली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात वाळूचा एकेक कण. बापू शेजारीच उकिडवे बसून होते. त्यांनी एकीलाही हाकलले नव्हते.

"बघा बाई," ते हळू म्हणाले, "गोड तेवढं चाटत्यात आनी वाळू टाकून देत्यात. किती जनींचं पोट भरलं. हिचं तेवढं ऱ्हायलं."

मीही शेजारी बसून ती रांग पाहू लागले.

दुसरा गाभा त्यांनी मुंग्यांपासून राखला. कसा राखला हे आमच्या भागात कोणालाही न सांगता कळेल: परातीत पाणी, पाण्यात पालथी वाटी आणि वाटीवर गाभा. गुळाची ढेप आपण अशीच ठेवतो. बापूंना ही युक्ती इतकी उघड वाटली की त्यांनी आक्कांनाही विचारले नाही. दोन दिवस गाभा त्या पाण्यावर राहिला. ओतायच्या दिवशी मी, शोभा, महादू सगळे जमलो होतो. बापूंनी मूस साच्याच्या तोंडाशी अगदी खाली धरली आणि धार सोडली. साच्याने एक उचकी दिली. मग आतून गुरगुर झाली, धातू उलटा उसळला आणि हरभऱ्याएवढा एक थेंब बापूंच्या बुटावर येऊन बसला. बापू हलले नाहीत. मूस जागेवर ठेवून झाल्यावर त्यांनी थेंब काडीने झटकला. बुटाच्या कातड्यावर काळा ठिपका राहिला.

साचा फोडला तर आत मूठ नव्हती, मधमाश्यांचे पोळे होते. सगळीकडे भोके.

अकरा दिवस गेले होते. शोभाने हळूच सांगितले की दवाखान्यात वेळ घेऊन ठेवायला नवऱ्याचा फोन आला होता. बापूंनी ते ऐकले न ऐकलेसे केले. ती भोकाभोकांची मूठ घेऊन ते आत गेले आणि आक्कांच्या मांडीवर ठेवून, शिक्षकांपुढे चुकलेली वही ठेवावी तसे उभे राहिले.

आक्कांनी ती डाव्या हाताने उचलली. उलटीपालटी केली. भोकांवरून अंगठा फिरवला. मग त्यांची नजर ओसरीवरच्या परातीकडे गेली, परातीतल्या पाण्याकडे, पालथ्या वाटीकडे. त्यांच्या भुवया वर चढल्या. मला त्या भुवया कित्येक दिवसांनी तशा दिसल्या.

"ओलं," आक्का म्हणाल्या.

आणि डाव्या हाताचे बोट त्यांनी चुलीकडे रोखले.

बापूंनी कपाळावर हात मारून घेतला. काकवी ओल ओढून घेते हे गुऱ्हाळातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. दोन दिवस पाण्यावर बसून गाभा आतून भिजला होता आणि तापलेला धातू पडताच त्या ओलीची वाफ होऊन धातूत भोके पडली होती. वाळू पाहायला आक्कांना हाक मारायची, हे ते या वेळी विसरले होते. कदाचित विसरले नसतील. उजवा हात गेल्यावर त्या हाताला हाक कशी मारायची, हे त्यांना उमगले नसेल. मी याविषयी कधी विचारले नाही.

नवा गाभा चुलीच्या निवत आलेल्या राखेत पुरून ठेवला, आपण रताळी पुरतो तसा. आक्का खाटेवरून पाहत होत्या. बापू दर थोड्या वेळाने राख बाजूला करून गाभा दाखवत आणि आक्का मान हलवत, न्हाई. पुन्हा राख. पुन्हा न्हाई. घरभर जळक्या गुळाचा वास पसरला; संक्रांत त्या घरात त्या वर्षी झाली नव्हती, ती जणू उशिरा येऊन दारात उभी राहिली होती. गाभा काळा, कडक झाला तेव्हा आक्कांनी डावा हात पुढे केला. बापूंनी फडक्यात धरून तो त्यांच्यासमोर नेला. त्यांनी बोटाच्या नखाने त्यावर टिचकी मारली. टणक आवाज आला.

"व्हय."

साच्याच्या वाळूची मूठही त्या दिवशी आक्कांनीच पाहिली, डाव्या हाताने. गाभा गरम असतानाच तो साच्यात बसवला आणि ओतले. या वेळी साचा काही बोलला नाही. धातू एखादी गोष्ट कानात सांगावी तसा आत शिरला आणि वरच्या तोंडाशी येऊन, गोल, रुपेरी, थांबला.

आतली वाळू तारेने कोरून काढल्यावर बापूंनी ती मूठ तळहातावर ठेवली आणि तळहात दोनदा वर-खाली केला. मग माझ्याकडे दिली. मला वाटले होते त्यापेक्षा ती इतकी हलकी निघाली की माझा हात आपोआप वर गेला.

चौदाव्या दिवशी दुपारी आक्कांपुढे ताट ठेवले. आमटीत कुस्करलेली भाकरी होती, बापूंनीच केलेली. शोभा, महादू, मी, सगळे खोलीत उभे. आक्कांनी चमचा भरला. हात वर आला, थरथरला आणि अर्धा चमचा पदरावर सांडला. त्यांनी आमच्याकडे पाहिले. चार माणसे आपल्या तोंडाकडे टक लावून उभी आहेत, हे त्यांनी पाहिले आणि हात खाली घेतला.

बापूंना ते आमच्या आधी कळले.

"चला," ते म्हणाले. "भाईर चला समदी."

"आवं पन मामंजी, सांडलं तर..." शोभा पुटपुटली.

"सांडू दे. तिचं ती बघंल."

आम्ही परसात येऊन उभे राहिलो. बापू दाराकडे पाठ करून भट्टीच्या राखेकडे पाहत होते. महामार्गावरून ट्रक जात होते, लांब कुठेतरी ऊसतोड चालू होती आणि त्या सगळ्याच्या आत एक बारीक आवाज होता: ताटाला चमचा लागल्याचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तो आवाज. मी मोजत नव्हते, पण मोजल्यासारखी उभी होते. महादूची बिडी हातातच विझली.

मग आतून आक्कांचा आवाज आला. एकेक शब्द ओढत, पण स्पष्ट.

"मीठ... कमी."

शोभाने पदर तोंडावर घेतला. बापू वळले नाहीत. त्यांच्या खांद्यांकडे पाहून ते हसत आहेत की आणखी काही, हे मला कळले नाही. "लय दिसांनी," ते राखेलाच म्हणाले, "लय दिसांनी नाव ठेवलं बघा कुनाच्या हाताला."

नळी घालायची वेळ आली नाही. मुलगा आला आणि आठवडाभर राहून एकटाच परत गेला. आक्का सावकाश जेवत. एका जेवणाला तास लागे. ती मूठ वापरून वापरून चकचकीत झाली. त्यानंतर बापूंनी पुष्कळ काही ओतले, कोकणासहित एक नकाशाही, पण त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

सांगलीला भाऊ एकटा पडला म्हणून मी उंब्रज सोडले. निघायच्या दिवशी भरदुपारी निरोप घ्यायला भिंतीला वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले. दार उघडे होते. आक्का खुर्चीत, पुढे लहानसे टेबल, उजव्या हातात ती मूठ. बापू त्यांच्यामागे, पाठीला पाठ लावून, स्टुलावर बसले होते. मांडीवर स्वतःचे ताट आणि तोंड भिंतीकडे. भिंतीवर कॅलेंडरही नव्हते, पाहण्यासारखे काही नव्हते. चमच्याचा आवाज आला की बापूंचा घास तोंडाकडे जाई. आवाज थांबला की त्यांचा हात, घास धरून, हवेत तसाच थांबे. त्या थांबण्यात घाई नव्हती, काळजीही दिसत नव्हती. फक्त एक माणूस ऐकत होता. एकदा आवाज फार वेळ थांबला. मला वाटले आता ते वळतील. ते वळले नाहीत. चमचा पुन्हा वाजला आणि त्यांनी तो घास खाल्ला.

त्यांना हाक मारायचे माझ्याने झाले नाही. मी निरोप न घेताच परत फिरले आणि बापू मला पुन्हा दिसले नाहीत. आक्का आता पाटणला मुलाकडे असतात. शोभा फोनवर म्हणाली की त्या आपल्या आपण जेवतात, मात्र जेवताना सगळ्यांना खोलीबाहेर काढतात आणि घरातल्यांना हे विचित्र वाटते.

तुमच्या घरी कोणी असे हळूहळू, सांडत जेवत असेल, तर तुम्ही त्या वेळी कुठे पाहता?